झाडाचा जमाखर्च

सागाची लागवड ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना एक गोष्ट खोटी वाटेल. रोपवाटिकेतले वर्षभराचे, चांगले वाढलेले रोप उपटतात. त्याची सगळी पाने, बारीक मुळ्या आणि शेंडा छाटून टाकतात. आणि उरलेले वीतभर सोटमूळ व त्यावर बोटाच्या पेराएवढे खोड, एवढेच पावसाच्या आरंभी जमिनीत खोचतात. याला ‘स्टंप’ म्हणतात. दिसायला सुकलेल्या गाजरासारखा! पण थोड्याच दिवसांत त्याला हिरवा कोंब फुटतो. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हे काम मजुरीने करणारी कितीतरी माणसे आहेत; माझे वडील त्यांपैकीच एक. पाने ठेवली तर रोप मरते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. का मरते, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा हे शोधणे मला माझेच काम वाटले.

ज्या शास्त्रात याचे उत्तर आहे त्याचे मराठी नाव ‘वनस्पतिशरीरक्रियाविज्ञान’. मी कला शाखेचा, भूगोलाचा विद्यार्थी. ग्रंथालयात हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मध्ये एकदा थांबून श्वास घ्यावा लागला. परंतु विषय नावाएवढा अवघड नाही. झाड अन्न कसे मिळवते, पाणी कोठे खर्च करते, शिल्लक कोठे ठेवते, याचा हिशेब म्हणजे हे शास्त्र.

झाडाची कमाई पानांत होते. पानांवर, बहुधा खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात; त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने पान त्यापासून साखर तयार करते. पण गंमत अशी, की हवा आत घेण्यासाठी दार उघडले की त्याच दाराने पाण्याची वाफ बाहेर पडते. मुळांनी ओढलेल्या पाण्याचा फार मोठा भाग असा उडून जातो. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने सूर्यफुलाचे झाड कुंडीसकट सकाळ-संध्याकाळ तोलून हा खर्च मोजला आणि १७२७ साली आपल्या ग्रंथात छापला. मात्र ही निव्वळ उधळपट्टी नव्हे. वर पानातून पाणी उडते म्हणूनच खालचे पाणी दोर ओढावा तसे वर ओढले जाते.

आता सागाकडे पाहू. त्याचे पान सुपाएवढे, म्हणजे खर्चही मोठा. उन्हाळ्यात जमिनीत ओल उरत नाही, म्हणून साग आधीच पाने गाळून दार बंद करतो. गाळण्यापूर्वी पानांतली उपयोगी द्रव्ये बरीचशी परत खोडात ओढून घेतो. लोक म्हणतात जंगल वाळले. वास्तविक ते काटकसर करीत असते. स्टंपचे रहस्यही हेच. रोप उपटताना पाणी पिणाऱ्या केसासारख्या मुळ्या तुटतात. जमा थांबते, पण पाने ठेवली तर खर्च चालूच राहतो. म्हणून पानेच काढून टाकायची. सोटमुळात पिठूळ अन्नाची शिल्लक असते, तिच्यावर नवा कोंब आणि नव्या मुळ्या निघतात. ही शिल्लक थोडी असते. पाऊस ओसरण्यापूर्वी मुळांनी जम बसवला पाहिजे. ऑगस्टच्या अखेरीस छायाचित्रासाठी लावलेल्या रोपांना हा हिशेब लागू नाही, असे कोणी समजू नये.

पाणी आणि अन्न यांच्या वाटाही वेगळ्या असतात. अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते. पाणी त्याच्याही आतल्या ओल्या लाकडातून वर चढते. बांधावरचे झाड नको झाले की काही जण बुंध्याभोवती सालीची पट्टी सोलतात. पाणी चढतच राहते म्हणून झाड पुष्कळ दिवस हिरवे दिसते, पण मुळे उपाशी मरतात. पूर्वी ब्रह्मदेशात निराळी रीत होती. ताजा साग पाण्यात बुडतो, आणि ओंडके तर नदीतून वाहून न्यायचे असत. म्हणून सालीसह ओले लाकूडही कापून भोवती खाच पाडीत. पाण्याचीच वाट तुटल्याने झाड वाळे आणि दोन-तीन वर्षे उभेच सुकल्यावर तोडले की ओंडका तरंगे. कुऱ्हाड बोटभर आत गेली की नाही, एवढाच काय तो फरक!

आमच्या भागात मात्र सागापेक्षा बांबूचा प्रश्न अधिक जवळचा आहे. बांबू हे गवतच. पावसाळ्यात जमिनीतून वास्ता निघतो आणि काही आठवड्यांतच पूर्ण उंच होतो. एवढी वाढ होताना त्याला स्वतःची पाने जवळजवळ नसतात. मग तो खातो काय? बेटातल्या जुन्या बांबूंनी कमावून जमिनीखालच्या खोडात साठवलेले अन्न. म्हणजे जुने सगळे तोडले तर नव्याला खायला घालणारा राहत नाही आणि नवे तोडले तर पुढच्या वर्षीचा कमावता जातो. पावसाळ्यात तोड बंद, यंदाच्या बांबूला हात लावायचा नाही आणि जुन्यांतलेही काही राखायचे, हे नियम यातूनच आले आहेत.

पूर्वी हे नियम साहेबांचे होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र बदलले. आमच्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून त्या ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला. आता आमच्या गावातही तोड ग्रामसभाच ठरवते. गेल्या हंगामात एक व्यापारी सगळी बेटे साफ करून द्या, रोख घ्या, म्हणत होता. पैशाची निकड कोणाला नाही? दोन बैठका वादात गेल्या. टोपल्या विणणारे एक आजोबा एवढेच म्हणाले, “मायबाप तोडून लेकरू वाढते का?” पाठ्यपुस्तकात जे मला तीन पाने वाचून कळले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. नाल्याकडची बेटे नियमाने तोडायची आणि व्यापाऱ्याला तेवढाच माल द्यायचा, असे ठरले. त्या बेटांतून यंदा किती वास्ते निघतात, ते मी वहीत मांडून ठेवणार आहे.