डबस्टेपमधील तालरचना आणि लोपाची कल्पना

गेल्या सत्रात लयविचारावरील एका तासाला डबस्टेप या संगीतप्रकारातील एक तुकडा ऐकवून विद्यार्थ्यांना त्यावर टाळी धरावयास सांगितले. वर्गात सरळ दोन तट पडले. काहींची टाळी मिनिटाला सुमारे १४० वेळा पडत होती, तर काहींची बरोबर निम्मी, म्हणजे ७० वेळा. चूक कोणाचीच नव्हती. असे का घडावे, हे समजून घ्यावयाचे तर ही तालरचना संगणकावर कशी बसवितात ते थोड्या तपशिलाने पाहावे लागते.

डबस्टेपचा उगम दक्षिण लंडनमध्ये, विशेषतः क्रॉयडन भागात, २००० सालाच्या आगेमागे झाला. तेथील बिग ॲपल या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाभोवती जमणाऱ्या तरुणांपैकी स्क्रीम व बेंगा यांनी आपल्या आरंभीच्या रचना घरच्या संगणकावर, फ्रूटीलूप्स या सॉफ्टवेअरमध्ये केल्या. अशा सॉफ्टवेअरमध्ये वाद्य वाजवावयाचे नसते, आघात मांडावयाचे असतात. चार ठोक्यांचे एक आवर्तन म्हणजे बार. प्रत्येक ठोक्याचे चार समान भाग केले की सोळा घरांची ओळ मिळते. किक, स्नेअर, हाय-हॅट या प्रत्येकाला स्वतंत्र ओळ असते. ज्या घरात खूण केली तेथे आघात, अन्यत्र शांतता. मिनिटाला १४० ठोके ही गती धरल्यास एक घर सुमारे १०७ मिलिसेकंदांचे होते.

आता वंशावळ पाहू. हाउस संगीतात किक १, ५, ९ आणि १३ या चारही घरांत, म्हणजे प्रत्येक ठोक्यावर पडते. लंडनच्या टू-स्टेप गॅराजने किकचा हा अखंड क्रम मोडला. काही ठोके मोकळे सोडले, स्नेअर मात्र ५ आणि १३ या घरांत ठेवली. डबस्टेपच्या हाफ-स्टेप नावाच्या रचनेत आणखी छाटणी झाली. किक पहिल्या घरात, स्नेअर केवळ नवव्या घरात. मुख्य सांगाडा एवढाच. (त्रितालाच्या सोळा मात्रांत नववी मात्रा खालीची असते, येथे मात्र सर्वांत जड आघात नेमका नवव्या घरात येतो. योगायोग मनोरंजक आहे; त्यावर सिद्धान्त उभारू नये.)

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा आराखडा फळ्यावर पाहून, ‘यात रचना ती कोणती? हे तर अर्धे राहिलेले काम,’ असा अभिप्राय दिला. आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच शास्त्रात सापडते. पाणिनीच्या मते लोप म्हणजे जे असावयास हवे त्याचे न दिसणे. नुसते काही नसणे म्हणजे लोप नव्हे. ‘एक घर, दोन घरे’ असा फरक मराठीत आहे, म्हणूनच ‘एक दगड, दोन दगड’ यांतील दुसऱ्या रूपात आपण शून्य प्रत्यय मानतो. पाचव्या आणि तेराव्या घरांतली शांतता याच जातीची आहे. ज्याच्या कानात गॅराजची स्नेअर मुरलेली आहे, त्याला तेथे एक गाळलेला आघात ऐकू येतो. ज्याला तो पूर्वसंस्कार नाही, त्याला फक्त पोकळी जाणवते. सहकाऱ्यांचा अभिप्राय हा त्या दुसऱ्या श्रोत्याचा होता.

वर्गातील दोन तटांचाही खुलासा यातून होतो. स्नेअरच्या मागे जाणारा श्रोता ७० ची गती धरतो. हाय-हॅट आणि खर्जातील बासचे तुकडे मात्र १४० च्या ठोक्याचे विभाजन करीत राहतात. त्यांच्या मागे जाणारा १४० धरतो. ‘मग गतीच ७० का लिहू नये?’ असे विचारण्यात येते. तसे लिहिले तर मूळ ठोक्याची अपेक्षा पुसली जाते, आणि अपेक्षेवाचून लोप संभवत नाही. शिवाय क्लबमध्ये या मुद्रिका त्याच गतीच्या ग्राइमला जोडून वाजविल्या जात, हे व्यावहारिक कारणही आहेच.

मोकळ्या घरांचा दुसरा उपयोग ध्वनिशास्त्रीय आहे. किकचा तळ आणि सब-बास हे दोन्ही साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात. एकाच घरात दोन्ही ठेवल्यास परस्परांना झाकून टाकतात. म्हणून किक आखूड ठेवतात आणि ती संपली की बासला वाट देतात. नावातील ‘डब’ ज्या जमेकन परंपरेकडे बोट दाखवितो, तेथे १९७० च्या दशकात किंग टबी मिक्सरवर वाद्ये बंद-चालू करून हेच साधत असे. रेगेच्या वन ड्रॉप तालातही पहिला ठोका मोकळा असून भार तिसऱ्यावर येतो. सोळा घरांच्या हिशेबात तिसरा ठोका म्हणजे नववेच घर.

सांगाडा उभा राहिल्यावर खरी मेहनत सूक्ष्म आघातांची. मिडीच्या पद्धतीत आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांनी दर्शवितात. मुख्य स्नेअर १२० च्या घरात असेल, तर आठव्या किंवा पंधराव्या घरात ३०-४० जोराची एखादी पुसट स्नेअर ठेवून पाहावी. ती वेगळी ऐकू येऊ नये, पण काढल्यावर उणीव भासावी. दुसरे साधन स्विंगचे. घरांच्या प्रत्येक जोडीतील दुसरे घर किंचित मागे ढकलतात. पन्नास टक्के म्हणजे सरळ चाल. ५८ टक्के केल्यास १४० च्या गतीला दुसरा आघात सुमारे १७ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि दोनतृतीयांशावर सुमारे ३६ मिलिसेकंद उशिरा येऊन चाल तिहाईची होते. सतरा मिलिसेकंदांचा विलंब वेगळा मोजता येत नाही, पण चालीतील फरक कानाला तत्काळ कळतो. तो पडद्यावरील सोळा घरांत मात्र कोठेच दिसत नाही. लिपीत न उमटणाऱ्या आघातांशी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

विद्यार्थ्यांकडून हा आराखडा करून घेताना एक अडचण हमखास आली. रिकामे घर दिसले की ते भरण्याचा मोह त्यांना आवरत नसे. शेवटी उलट पद्धत अवलंबिली: प्रथम गॅराजचा पूर्ण आराखडा मांडावयाचा, आठ बार ऐकावयाचा, मग प्रत्येक खेपेस एकच खूण पुसून पुन्हा आठ बार ऐकावयाचे. पाचव्या आणि तेराव्या घरांतली स्नेअर काढून नवव्यात ठेवली, त्या क्षणी वर्गातील निम्म्या टाळ्या आपोआप संथ झाल्या.