वडार, कबुतरं आणि डार्विनचं टपाल

चार्ल्स डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली निघालं. सगळ्या जगाला हलवून सोडणाऱ्या या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात पाळीव कबुतरांचं पुराण आहे. जगभरातून कबुतरांची कातडी मिळवून देणाऱ्यांचे आभार मानताना डार्विनने दोन नावं आवर्जून घेतली आहेत. इराणमधून पाठवणारे मरे आणि हिंदुस्थानातून पाठवणारे एलियट.

हा एलियट आपल्या चांगल्या ओळखीचा असायला हवा होता. वॉल्टर एलियट, जन्म १८०३, मद्रास सरकारचा मुलकी नोकर. त्याच्या नोकरीची सुरुवातीची दहाएक वर्षं कोल्हापूर संस्थानाला खेटून असलेल्या मुलखात गेली. धारवाड-बेळगावकडच्या या पट्ट्याला इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. तिथे तो कलेक्टरचा असिस्टंट होता. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेने कलेक्टर थॅकरेला ठार केलं, तेव्हा जे दोन इंग्रज अधिकारी कैदेत पडले त्यातला एक हा एकवीस वर्षांचा एलियट. काही आठवड्यांनी सुटला. पुणे-बंगळूर रस्त्याने जाताना बेळगाव ओलांडल्यावर कित्तूरचा फाटा लागतो, तिथे आपल्याला चन्नम्मा आठवतात आणि आठवाव्यातही. पण त्या किल्ल्यातून जिवंत बाहेर पडलेल्या या पोराने पुढे काय केलं, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

त्याने जनावरं टिपली. शिकारीचा नाद होताच, पण मारलेल्या जनावराची मापं घेणं, पोटात काय सापडलं ते बघणं, गावकरी त्याला काय म्हणतात ते लिहून घेणं, हेही तो करी. त्यातून १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी छापून आली. तिच्यात गव्याचं जे वर्णन आहे ते पुढच्या प्राणिशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं आधाराला घेतलं. गवा शहरात शिरला की आपल्याकडे दोन दिवस दुसरी बातमी नसते, त्या गव्याचं.

मला मात्र त्या यादीतला उंदीर जास्त आवडतो. मेट्टाड नावाचा हा शेतातला मऊ केसांचा उंदीर. एलियट लिहितो की हा धड बीळसुद्धा करत नाही. झुडपाच्या मुळाशी, बांधावर रचलेल्या दगडांत, घुशीने सोडलेल्या बिळात, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या रानाला ज्या खोल भेगा पडतात त्यांत राहतो. पहिल्या पावसाने भेगा मिटल्या की आत गाडले जाऊन शेकड्यांनी मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत आणि इतके माजले की पेरलेलं बी मातीतच फस्त झालं. जे उगवलं त्या ज्वारीच्या ताटांवर चढून त्यांनी कणसं कुरतडून खाली पाडली. शेतंच्या शेतं साफ झाली, लोकांना सारा भरता येईना. शेवटी शेतकऱ्यांनी वडारांना बोलावलं. इतके डझन उंदीर मारले की मापभर धान्य, असा हिशेब ठरला. वडारांनी हजारोंनी मारले, तरी फरक म्हणून पडला नाही.

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या रानात ज्याने ज्वारी केली आहे, त्याला यातलं एकही वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पाऊस, जमीन, उंदीर आणि सारा या चारही गोष्टी एका दोरीत ओवणारा हा मजकूर लिहिणारा माणूस सरकारी वसुली करणारा होता, हे विसरू नये. उंदरांकडे त्याचं लक्ष गेलं त्यात वसुलीचाही वाटा असणार.

ही टिपणं यादीपुरती राहिली नाहीत, कारण एलियट पत्रं लिहिणारा माणूस होता. नेलोर-मद्रासकडचा डॉ. जर्डन, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ, ही त्याच काळातली मंडळी. त्यांचं निसर्गशास्त्र टपालावर चाले. कुणाला एखादा पक्षी सापडला की कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळायचा, चिठ्ठी बांधायची आणि पेटी रवाना करायची. विलायतेला जायचं तर बोटीने सुवेझपर्यंत, मग इजिप्तच्या जमिनीवरून भूमध्य समुद्राला, आणि पुन्हा बोट. पत्राला महिना-दीड महिना सहज लागे. देशात १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, कितीही लांबचं असो, अर्धा आणा हा एकच दर झाला. त्या अर्ध्या आण्याने विज्ञानाचं किती भलं केलं याचा हिशेब कुणी मांडलेला मला तरी ठाऊक नाही.

डार्विन आणि एलियट यांची भेट १८५५ साली ग्लासगोला विज्ञान परिषदेच्या बैठकीत झाली. जानेवारी १८५६ मध्ये डार्विनने केंट परगण्यातल्या आपल्या डाउन गावाहून त्याला पत्र घातलं. मागणी अशी की पाळीव कबुतरं, कोंबड्या यांची, त्यातही जिथे बाहेरची पैदास फारशी पोचली नाही अशा भागातली कातडी पाठवावीत. अशीच पत्रं त्याने जगाच्या पाठीवर अनेकांना धाडली होती. स्वतः घरी कबुतरं पाळत होता, लंडनच्या कबुतरबाजांच्या दोन क्लबांत जाऊन बसत होता. माणूस निवड करून करून एका रानटी पारव्यातून इतक्या तऱ्हा काढू शकतो, तर निसर्गाला काय अवघड, हा त्याचा मुद्दा. त्याला पुरावा हवा होता, आणि कबुतरांचा जुना लेखी पुरावा हिंदुस्थानाइतका क्वचितच कुठे असेल.

एलियटने कातडी पाठवलीच, शिवाय सय्यद मोहम्मद मुसारी नावाच्या हिंदुस्थानी कबुतरबाजाने अठराव्या शतकात फारसीत लिहिलेल्या ग्रंथाचं भाषांतरही पुरवलं. डार्विनच्या १८६८ सालच्या पाळीव प्राण्यांवरच्या दोन खंडी पुस्तकात मुसारींचं नाव पुन्हा पुन्हा येतं. लोटन कबुतराची हकिगतही त्याच पुस्तकात आहे. हलकेच हलवून जमिनीवर ठेवलं की हे कबुतर कोलांट्या मारत सुटतं, उचलून तोंडावर फुंकर घातल्याशिवाय थांबत नाही. डार्विनला त्यात गंमत वाटली ती वेगळीच. ‘ऐन-इ-अकबरी’त या लोटनचं वर्णन आहे, म्हणजे ही खोड अडीचशेहून अधिक वर्षं बापाकडून लेकाकडे आली. सवयसुद्धा रक्तातून उतरते, याचा दाखला अकबराच्या दरबारातून निघाला.

आणखी एक बारीक गोष्ट. युरोपातल्या पारव्याच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो, हिंदुस्थानी पारव्याच्या मात्र ती जागा निळसर-राखी असते, हे डार्विनने ‘ओरिजिन’मध्ये नोंदवलं आहे. अंबाबाईच्या देवळातले पारवे उडताना पाठीकडून बघा.

एलियटनंतरची पिढी अॅलन ह्यूमची. काँग्रेसचा संस्थापक म्हणून शाळेत शिकलो तोच ह्यूम. १८७२-७३ पासून त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक चालवलं, आणि ते जवळजवळ पत्रांवरच चाललं. रत्नागिरीकडून विडाल दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी पाठवी. लष्करातल्या बटलरने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाची यादी १८८१ साली त्यात छापली. पुढे ह्यूम सिमल्याला नसताना त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे नोकराने बाजारात रद्दीत विकले. हिंदुस्थानी पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ तिथेच संपला. वैतागून ह्यूमने सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. १८८५ सालची ही गोष्ट. त्याच डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. एका रद्दीवाल्याचे देशावर किती उपकार, असं गमतीने म्हणता येईल.

या साऱ्या टपालात एक गोष्ट खटकते. मुसारींनी ग्रंथ लिहिला म्हणून त्यांचं नाव उरलं. पण मेट्टाड उंदीर ज्यांनी हजारोंनी मारले ते वडार ‘वडार’ एवढेच राहिले. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात, १९०१ ते १९०८ मधल्या, मात्र वनस्पती गोळा करणाऱ्यांत ‘कानिटकर’ आणि नुसता ‘भिवा’ अशी नावं ठिकाणांपुढे छापली आहेत. पुढे उद्गारचिन्ह, म्हणजे तो नमुना कुकने स्वतः पाहिला. भिवाचं आडनाव त्याला नोंदावंसं वाटलं नाही, पण नाव तरी आलं. सगळ्यांनी एवढं जरी केलं असतं तर खूप होतं.

डार्विनचा पत्रव्यवहार केंब्रिजने १९८५ पासून छापायला घेतला आणि तीस खंडांत पुरा केला. पंधरा हजारांवर पत्रं आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. एलियटची १८३९ सालची यादी मात्र मराठी वाचकांच्या चर्चेत आलेली मला तरी दिसली नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, निवृत्त वनाधिकारी आहेत, कन्नड-मराठी दोन्ही सहज बोलणारी सीमाभागातली मास्तरमंडळी आहेत. कुणीतरी ती यादी मराठीत आणावी, आणि आणताना गडहिंग्लज-चिकोडीच्या वडारवस्तीतल्या म्हाताऱ्यांना मेट्टाडबद्दल विचारून घ्यावं. या वेळी सांगणाऱ्याचं नाव मात्र पूर्ण छापावं.