होड्या घडविणारे कारागीर

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर नावाचे एक गाव आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, त्याच्या काठाने चार-पाच किलोमीटर पसरलेली सपाट पुळण, पुळणीच्या मागे सुरूचे बन आणि त्याच्याही मागे नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, असे या गावाचे रूप आहे. गाव फार जुने आहे. येथे सापडलेल्या एका ताम्रपटावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ कोरलेला असून त्याची भाषा मराठी आहे. मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

त्या काळी या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता कोणता असेल? उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला बाणकोटची खाडी आणि पाठीशी डोंगर. तेव्हा समुद्र हाच रस्ता आणि होडी हीच गाडी. सुपारी आणि नारळ बाहेर जात ते होडीतून, आणि मीठमिरची घरात येई तीही होडीतून. दिवेआगरच्या दक्षिणेस असलेल्या भरडखोलसारख्या कोळीवस्त्यांचे तर सारे जीवनच होडीवर उभे होते. होडी मात्र कोणी दुकानातून आणीत नसे. ती किनाऱ्यावरच, माडांच्या सावलीत घडविली जाई. कोकणच्या किनाऱ्यावर अशा होड्या घडविणारे कारागीर खाडीखाडीच्या तोंडाशी असत. कागदावर एक रेघही न ओढता हे लोक समुद्राच्या लाटांशी झुंजणारे वाहन उभे करीत, ही गोष्ट आज सांगितली तर पुष्कळांना खरी वाटणार नाही.

होडीचे काम झाडापासून सुरू होते. घर बांधणारा सुतार सरळ झाडाच्या शोधात असतो. होडीच्या कारागिराला सरळ झाड हवे असते, तसेच वाकडेही हवे असते. होडीच्या पोटात माणसाच्या बरगड्यांसारखी जी बाकदार लाकडे बसवितात, ती सरळ लाकूड कापून काढली तर त्यांचे तंतू मधेच तुटतात आणि लाटेच्या तडाख्याने ती मोडतात. झाडच मुळात वाकलेले असेल, तर तंतूही त्या बाकाबरोबर वळलेले असतात आणि अशी बरगडी सहसा मोडत नाही. म्हणून जाणता कारागीर रानातून हिंडताना वाकड्या फांद्यांकडे लक्ष ठेवी. एरवी जळणाखेरीज ज्याचा उपयोग नाही असे लाकूड त्याच्या दृष्टीने मोलाचे असे.

लाकडांत सागाचा मान पहिला. सागात एक प्रकारचे तेल असते, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही सहसा गंजत नाहीत. विलायतेत जहाजांसाठी ओक नावाचे लाकूड वापरीत. त्यातील आम्लामुळे लोखंड झिजते. याच कारणाने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांची इंग्रजांच्या आरमारात मोठी वाखाणणी होत असे. पण साग महाग. लहान होड्यांना फणस, आंबा, आईन, किंजळ अशी जवळपासची झाडे चालत. समुद्रकाठी वाढणारी उंडी डोलकाठीला उपयोगी पडे. एकसंध खोड आतून कोरून केलेल्या होडीला काही ठिकाणी पगार म्हणत. तिला बहुधा आंब्याचे खोड लागे.

अशा कामाला झाडे किती लागतात आणि ती वाढायला किती वर्षे लागतात, याची जाणीव पूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी सागासारखी झाडे परवानगीने आपल्या रानातून तोडावीत, कमी पडतील ती बाहेरून खरेदी करून आणावीत, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच ते तोडावे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजही थक्क करतो.

झाडाकडे असे आदराने पाहणारी माणसे इतर देशांतही होती. प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तेथील लोक लाकडाच्या लांब फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे वाहत येत. राजापासून सामान्य माणसापर्यंत सर्वांना या खेळाचे वेड होते. फळी करणारा कारागीर झाड निवडले की त्याच्या बुंध्याशी कुमू नावाचा एक तांबडा मासा ठेवी आणि मगच घाव घाली. झाड पडल्यावर मुळाशी खड्डा करून तो मासा तेथे प्रार्थनेसह पुरीत. फळी दगडी हत्याराने तासून, पोवळ्याच्या खडबडीत तुकड्याने घासून गुळगुळीत करीत आणि तेल चोळून ठेवीत. म्हणजे बेट हजारो मैल दूर असले, तरी ओले लाकूड आणि खारे पाणी यांच्याशी झगडणाऱ्या माणसांची रीत फारशी वेगळी नव्हती.

हवाई आणि कोकण यांत आणखी एक साम्य आहे. हवाईच्या लोकांच्या अरुंद होडीला एका बाजूस दोन आडव्या काठ्या बांधलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा एक हलका ओंडका असतो. रायगडच्या दक्षिणेस, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर अशाच रचनेची होडी दिसते. त्या ओंडक्याला तेथे उलांडी म्हणतात. होडी उलांडीच्या बाजूला कलली, तर पाणी ओंडक्याला वर ढकलते. उलट बाजूला कलली, तर ओंडक्याचे वजन तिला खाली ओढते. त्यामुळे अरुंद असूनही होडी सहजासहजी उलटत नाही. जेम्स हॉर्नेल या इंग्रज अभ्यासकाने १९२० मध्ये भारतातील होड्यांच्या रचनेवर लिहिताना अशा साम्यांचा विचार केला होता. लांबच्या समुद्रांवरचे लोक फार पूर्वी एकमेकांना भेटले असावेत, असे त्यावरून अनुमान करतात.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. लाकूड वाळले की प्रथम तळाचे लांब, जाड लाकूड मांडीत. होडीचा हा कणाच. नारळ फोडून ते मांडले की पुढच्या टोकाला वर झेपावणारे लाकूड जोडीत. होडीच्या या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. मग दोन्ही अंगांना फळ्या चढू लागत. सरळ फळीला बाक आणण्याची युक्ती अशी की, ती एका बाजूने ओली ठेवून दुसऱ्या बाजूने विस्तवावर तापवीत आणि टोकाला दगडांचा भार टांगीत. तापलेले लाकूड हळूहळू वळे. उष्णता जास्त झाली तर फळी करपे, कमी झाली तर तडकन फुटे. नेमकी वेळ कोणती, हे घड्याळ सांगू शकत नसे. लाकडाच्या वासावरून आणि होणाऱ्या आवाजावरून मिस्त्री ती ओळखी.

दोन फळ्यांमधला सांधा हा साऱ्या कामातला कसोटीचा भाग. एका फळीच्या कडेला खाच पाडीत आणि दुसरीची कड तिच्यात बसेल अशी तासीत. सांधा बरोबर जुळला की नाही, हे पाहण्याची रीत तर फारच सुरेख. एका कडेला ओली काव फासायची आणि दुसरी फळी तिच्यावर दाबून पुन्हा उचलायची. जेथे तांबडा डाग उमटेल तेथे लाकूड उंच आहे असे समजायचे आणि तेवढेच वाकसाने तासायचे. पुन्हा काव, पुन्हा दाब, पुन्हा तासणी. सगळ्या कडेवर सारखा रंग उमटेपर्यंत हे चाले. एका सांध्याला कधी कधी सबंध दिवस जाई. पण येथे कंटाळा केला, तर पुढे भर समुद्रात पाणी उपसायची पाळी येई, आणि तेव्हा मिस्त्रीला हाक मारता येत नाही.

खिळ्यांसाठी भोके पाडण्याचे काम सामत्याने होई. धनुकलीची दोरी पुढे-मागे ओढली की सामता गरगर फिरतो. उरलेल्या फटींत कापूस किंवा काथ्या ठासून भरीत आणि वर तेलात शिजविलेली राळ लावीत. आतल्या अंगाला माशाचे तेल चोळीत. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि चरबी यांचे मिश्रण फाशीत. हा लेप शोभेसाठी नसे. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. तो अळीसारखा दिसतो, पण खरे पाहता शिंपल्यांच्या कुळातला आहे. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत सारी फळी चाळणीसारखी झालेली असते. कित्येक चांगल्या होड्या वादळाने बुडाल्या नाहीत त्या याने बुडविल्या आहेत.

या सगळ्या कामात माप कोणते? वीत, हात आणि सुताची दोरी. आकार कोठे लिहिलेला? कोठेच नाही. मिस्त्री चार पावले मागे जाऊन डोळे बारीक करून पाही आणि डाव्या अंगाला दोन बोटे कमी आहे असे सांगे. मोजून पाहिले तर ते खरे निघे. मुलगा किंवा पुतण्या आधी खिळे मोजून देई, मग सामत्याची दोरी ओढी, मग काव फाशी. वाकस हाती येईपर्यंत त्याची बरीच वर्षे उलटत. शिकविणारा फारसे बोलत नसे आणि शिकणाराही विचारीत नसे. ही पद्धत चांगली, पण तिच्यात एक मोठा धोका होता. मधली एक पिढी जरी दुसऱ्या कामाला लागली, तरी सारे ज्ञान तेथेच थांबते. कारण मागे वाचायला काही उरत नाही.

मोठ्या जहाजांच्या कारागिरांची नावे इतिहासाने जपली आहेत. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्या घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. कोकणातल्या लहान होड्या करणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. होडी पंचवीस-तीस वर्षे समुद्रावर राबे, जीर्ण झाली की चुलीत जाई आणि तिच्याबरोबर तिच्या कर्त्याची खूणही जाई. हा काही न्याय म्हणता येणार नाही.

गेल्या काही दशकांत फायबरच्या होड्या आल्या. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात पसरून त्यावर चिकट रसायन ओततात. ते कडक झाले की होडी तयार. ती कुजत नाही, तिला तो पोखरणारा जीव लागत नाही, दरवर्षी फटी भरण्याचा त्रास नाही. एका साच्यातून एकसारख्या कितीही होड्या निघतात. शिवाय चांगले लाकूड दुर्मिळ आणि महाग झाले आहे. तेव्हा नाखवा फायबरकडे वळला, तर त्याला दोष देणे बरोबर होणार नाही. त्याला शेवटी मासे आणायचे असतात आणि घरी सुखरूप परतायचे असते. हवाई बेटांवरही हेच झाले. १९५० नंतरच्या काळात तेथील लाकडी फळ्यांची जागा फेसासारखा हलका कृत्रिम पदार्थ आणि काचेचे तंतू यांनी घेतली.

हे ज्ञान एकदा हातचे गेले म्हणजे ते परत मिळविणे किती कठीण असते, याचा अनुभव अलीकडेच आला. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका चित्रात शिडांचे जहाज रंगविलेले आहे. तसे जहाज, खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, पुन्हा बांधावे असे ठरले. जुना आराखडा तर कोठेच नव्हता. चित्रावरून आकार ठरवावा लागला आणि तो पाण्यात कसा वागेल हे मद्रासच्या आय.आय.टी.त तपासावे लागले. फळ्या शिवण्यासाठी केरळातील बाबू शंकरन या जाणत्या मिस्त्रींच्या हाताखाली कारागिरांचा चमू गोव्यात राबला. ‘कौंडिण्य’ असे नाव दिलेले हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिडांच्या बळावर पोरबंदरहून ओमानमधील मस्कतकडे निघाले. शिवणारे ते हात अजून शिल्लक होते म्हणूनच हे घडू शकले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगरच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरच्या होड्यांचीही हानी झाली. फायबरची होडी फुटली तर तिला काचेच्या कापडाचे ठिगळ लावतात. लाकडी होडीची फळी निखळली तर ती बसवायला अजूनही वाकस चालविणारा माणूस लागतो.

फायबरची होडी साच्यातून निघते खरी, पण साचा कशावरून काढतात? त्यासाठी आधी एक नमुना घडवावा लागतो, आणि तो बहुधा लाकडाचाच असतो. त्याची नाळ किती वर उचलायची, पोट किती फुगवायचे, हे ठरविताना कोणीतरी चार पावले मागे सरतो आणि डोळे बारीक करून पाहतो.