इंग्रजीतले दोन छोटे शब्द

मंडळी, आपण मराठी वाचायला शिकलो. आता एस.टी.ची पाटी वाचता येते, सातबाऱ्यावरचे नाव वाचता येते. पण कधी कधी हातात असा कागद पडतो, की त्यावर सगळे इंग्रजीच! मग आपण शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारतो. पोरगा त्यातले मोठे शब्द ओळखतो आणि अर्थ सांगून मोकळा होतो. तिथेच कधी कधी घात होतो.

समजा, औषधाच्या बाटलीवर लिहिले आहे : 'मस्ट नॉट बी टेकन ऑन ॲन एम्प्टी स्टमक.' पोराला शेवटचे दोन शब्द तेवढे कळले. तो म्हणाला, "आजोबा, उपाशीपोटी घ्यायचं." आजोबांनी तसे घेतले आणि दिवसभर पोट धरून बसले. बाटलीवर काय होते? उपाशीपोटी मुळीच घेऊ नये! पोरगा मोठ्या शब्दाला चुकला नाही. तो छोट्या शब्दाला चुकला.

म्हणून आज आम्ही दोन जातींचे छोटे शब्द सांगणार आहोत. पहिली जात सांगते, गोष्ट किती सक्तीची आहे. दुसरी सांगते, ती कुठे आणि केव्हा करायची.

पहिली जात : जोर सांगणारे शब्द

मराठीत आपण क्रियापदाच्या शेवटी जोर दाखवतो. 'जाऊ शकतो', 'गेले तरी चालेल', 'जावे', 'गेलेच पाहिजे'. इंग्रजीत हा जोर क्रियापदाच्या आधी येतो. 'गो' म्हणजे जाणे. आता चढत्या पायरीने बघा :

'यू कॅन गो' – तुम्ही जाऊ शकता.
'यू मे गो' – तुम्ही गेलात तरी चालेल. परवानगी आहे.
'यू शुड गो' – तुम्ही जावे. गेलेले बरे.
'यू मस्ट गो' – तुम्ही गेलेच पाहिजे.

यात एक सोय आहे. मराठीत तो शकतो, ती शकते, ते शकतात. इंग्रजीत तो असो, ती असो, चार माणसे असोत, 'कॅन' तो 'कॅन'च. पुढचा 'गो' सुद्धा बदलत नाही.

'मे' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. 'इट मे रेन' म्हणजे पाऊस पडेलही कदाचित. पावसाला कोणी परवानगी देत नाही. तेव्हा मागचापुढचा संबंध पाहूनच अर्थ लावावा.

आता नकाराचे बघू. आपला 'नको' दोन कामे करतो. 'बोलू नको' म्हणजे मनाई. 'पैसे द्यायला नकोत' म्हणजे द्यायची गरज नाही. इंग्रजीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. 'यू मस्ट नॉट पे' म्हणजे पैसे देऊच नका. 'यू नीड नॉट पे' म्हणजे द्यायची गरज नाही. दोन्हींत 'नॉट' आहे, पण त्याच्या आधीचा शब्द पाहिल्याशिवाय अर्थ कळत नाही.

दुसरी जात : जागा आणि वेळ सांगणारे शब्द

आपण म्हणतो घरात, झाडावर, जेवणानंतर. नाव आधी आणि छोटा शब्द त्याच्या मागे, जसे वासरू गायीच्या मागून चालते. इंग्रजीत वासरू पुढे आणि गाय मागे! 'इन द हाउस' म्हणजे घरात. 'ऑन द ट्री' म्हणजे झाडावर. 'आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर, आणि 'बिफोर फूड' म्हणजे जेवणाआधी.

तारखेच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. समजा, अर्ज द्यायचा आहे :

'ऑन मंडे' – सोमवारी.
'बाय मंडे' – सोमवारपर्यंत, उशिरात उशिरा सोमवारी.
'आफ्टर मंडे' – सोमवार उलटल्यावर.
'विदिन सेव्हन डेज' – सात दिवसांच्या आत.

चौथ्या ओळीत 'सेव्हन डेज' एवढेच कळले, तर माणूस सात दिवस थांबेल आणि आठव्या दिवशी जाईल. तोवर मुदत संपलेली!

दोन्ही शब्द एकत्र

'यू मस्ट कम टू द ऑफिस बिफोर टेन.' हे वाक्य शेवटाकडून उलगडावे. 'बिफोर टेन' म्हणजे दहाच्या आधी. 'टू द ऑफिस' म्हणजे कचेरीत. 'मस्ट कम' म्हणजे आलेच पाहिजे. झाले मराठी वाक्य : तुम्ही दहाच्या आधी कचेरीत आलेच पाहिजे. आपण शेवटी ठेवतो ते इंग्रज आधी सांगतो, म्हणून उलटे वाचले की बहुतेक वेळा अर्थ सुलटा लागतो.

कायद्यात याच जातीचा आणखी एक शब्द फार येतो. तो म्हणजे 'शॅल'. कायदा एखाद्याला 'शॅल' म्हणतो, तेव्हा ते काम त्याच्यावर सहसा बंधनकारक असते.

२००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा घ्या. आपण सरकारी कचेरीत माहितीसाठी अर्ज केला, तर माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांच्या आत माहिती द्यावी, नाहीतर कायद्यातले कारण दाखवून नकार द्यावा. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांच्या आत माहिती द्यावी. इंग्रजी कायद्यात इथे 'शॅल' आणि 'विदिन' हे शब्द आहेत. म्हणजे अधिकाऱ्याला सक्ती आहे आणि मुदतही आहे.

उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर आपल्याला वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्या कलमात आपल्यासाठी 'मे' हा शब्द आहे. अपील करा किंवा करू नका, आपली मर्जी. पण त्याच वाक्यात पुन्हा 'विदिन' आहे आणि ३० दिवस आहेत. मर्जी आपली खरी, पण तिलाही मुदत आहे. 'मे' वाचून जो निवांत बसला आणि 'विदिन' ज्याने वाचले नाही, त्याचा हक्क हातचा जाऊ शकतो. माहितीचा अर्ज मात्र मराठीतही देता येतो, हे ध्यानात असू द्या.

आता हे करून पाहा

१. 'यू मे सिट ऑन द बेंच.'
२. 'चिल्ड्रन मस्ट नॉट प्ले निअर द वेल.'
३. 'यू शुड टेक धिस आफ्टर फूड.'

उत्तरे : १. तुम्ही बाकावर बसलात तरी चालेल. २. मुलांनी विहिरीजवळ मुळीच खेळू नये. ३. हे जेवणानंतर घ्यावे.

मंडळी, सगळी इंग्रजी शिकायला वर्षे लागतील. पण एवढे आजपासून करता येईल. कोणी इंग्रजी कागद वाचून दाखवला, की त्याला दोन प्रश्न विचारा : "यात 'मस्ट' आहे की 'मे'? आणि तारखेच्या आधी कोणता शब्द आहे?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अंगठा नको आणि सहीही नको.