माशांच्या टाकीतील पाणवनस्पती का सुकतात ?

हल्ली शेतकऱ्यांच्या घरांतूनही बैठकीत माशांची काचेची टाकी आढळते, व तीत हिरव्या वनस्पती लावण्याची हौस वाढली आहे. परंतु महिना-दोन महिन्यांत पाने पिवळी पडतात, देठ कुजतात, आणि यजमान दुकानातून औषधाची बाटली आणून टाकीत ओततो. ही रीत उलटी होय. पंचनामा झाल्यावाचून नुकसान ठरवू नये, हा महसुलातील जुना नियम येथेही लागू आहे.

प्रथम वनस्पती नवी की जुनी ते पाहावे. रोपवाटिकांत पुष्कळ पाणवनस्पती पाने पाण्याबाहेर ठेवून वाढवितात. अशी वनस्पती पाण्यात बुडविली म्हणजे जुनी पाने गळतात व पाण्यात जगणारी नवी फुटतात. लावणी केलेले कांद्याचे रोपही आधी मान टाकतेच. मूळ पांढरे व टणक असेल आणि नवा कोंब दिसत असेल, तर दोन-तीन आठवडे धीर धरावा. वनस्पती उपटून पुन्हा लावू नये. अनुबियाससारख्या वनस्पतीचे आडवे खोड मात्र वाळूत पुरू नये, ते कुजते. त्यास दगडावर वा लाकडावर बांधावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने १७७९ साली दाखविले की, बुडालेली हिरवी पाने उन्हात प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, अंधारात नाही. बुंधा उघडा पडून शेंडा लांबत गेला, तर उजेड कमी समजावा. पाने व काच शेवाळाने माखली, तर बहुधा उजेड जास्त होतो. रोज सुमारे ८ तास दिवा पुरे. खिडकीचे थेट ऊन टाळावे.

तिसरी गोष्ट, आधी कोणते पान बिघडले ? नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्यास देते. म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर प्रथम दिसते. सगळे जुने पान फिके पडल्यास नत्राची, त्यास टाचणीएवढी छिद्रे पडल्यास पालाशाची शंका घ्यावी. लोह असे हलत नाही. म्हणून कोवळा शेंडा पिवळा व शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची उणीव मानावी. चुनखडीच्या जमिनीतील द्राक्षवेलीवर हीच खूण आपण पाहतो, व कारणही तेच आहे : क्षारयुक्त पाण्यात लोह असूनही मुळास मिळत नाही.

म्हणून चौथी पाहणी पाण्याची. ज्या विहिरीच्या पाण्याने ठिबकची छिद्रे चुन्याने बुजतात, ते पाणी टाकीस जड होय. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया अशा पाण्यातही तग धरतात. नाजूक जातींसाठी गाळून शुद्ध केलेले मऊ पाणी थोडे थोडे मिसळावे. ठिबकाप्रमाणे टाकीत आम्ल मात्र ओतू नये. पाण्याचा गुण एकाएकी बदलला की मासे मरतात. लोह देणे झाल्यास ईडीटीएपेक्षा डीटीपीए स्वरूपातील, माशांच्या टाकीसाठी बनविलेले, बाटलीवरील मात्रेनेच द्यावे.

शेतकरी बंधूंच्या हातून घडणाऱ्या तीन चुका विशेष घातक आहेत. युरिया वा शेणखत टाकीत घालू नये. त्यांपासून अमोनिया सुटतो, आणि क्षारयुक्त पाण्यात तो माशांस अधिकच विषारी ठरतो. गोगलगायी मारण्यास मोरचूद घालू नये. त्याने कोळंबी तर मरतेच, वनस्पतींसही इजा होते. तणनाशकाची बादली टाकीस कधीही वापरू नये. ही शेवटची चूक माझ्याच घरी झाली. बादली तीनदा धुतली होती, तरी आठ दिवसांत सर्व हिरवळ गेली.

उपाय एका वेळी एकच करावा, तारीख वहीत लिहावी, व दोन आठवडे नव्या पानांची वाट पाहावी. जुने बिघडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. लीबिग याने १८४० च्या सुमारास प्रसिद्धीस आणलेले तत्त्व असे की, सर्वांत उणे असलेले द्रव्यच वाढ अडविते. तेव्हा उजेड उणा असता खत वाढविले, तर फायदा शेवाळाचाच. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे हे बहुतेक बाटल्यांहून गुणकारी आहे.

शेवटी एक विनंती. काढून टाकलेल्या वनस्पती ओढ्यात, शेततळ्यात वा गोदावरीत सोडू नयेत. वाळवून उकिरड्यावर पुराव्या. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेली जलपर्णी आज आपल्या नद्यांत कशी पसरते, हे आपण पाहतोच. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणस्थळ म्हणून २०२० साली जाहीर झाले. गोदावरीचे पाणी तेथेच जाऊन थांबते. टाकीतील हौस तेथवर पोचू न देणे हे आपल्याच हाती आहे.