इंग्रजीतला ‘जरी’ आणि मराठीतला ‘तरी’

शाळेतल्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना एक वाक्य तोंडपाठ झालेले असते: “ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.” तपासणारा ‘बट’वर तांबडी रेघ ओढतो, अर्धा गुण जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच घरातला धाकटा भाऊ पुन्हा तेच वाक्य लिहितो. ‘ऑल्दो’ आले की ‘बट’ घ्यावयाचे नाही, हा नियम वर्गात सांगितलेला असतो. पण ते ‘बट’ मुलाच्या हातून पडते कशामुळे, हे फारसे कोणी विचारीत नाही. माझ्या मते ते त्याच्या चांगल्या मराठीमुळेच पडते.

आता घरचेच उदाहरण घ्या. आटपाडीकडचा शेतकरी म्हणतो, “पाऊस झाला नाही तरी पेरलं.” पुस्तकी भाषेत हेच “जरी पाऊस झाला नाही, तरी आम्ही पेरणी केली.” म्हणजे ‘जरी-तरी’ ही बैलजोडी. बोलताना मात्र आपण त्यातला एक बैल सोडून देतो. कोणता? ‘जरी’ सुटतो, ‘तरी’ राहतो. “जरी पाऊस झाला नाही, पेरणी केली,” असे म्हणून बघा, वाक्य लंगडते. इंग्रजीने नेमका दुसरा बैल सोडला आहे. ‘ऑल्दो’ किंवा ‘दो’ म्हणजे आपला ‘जरी’. तो ठेवला आणि ‘तरी’ गाळला. ‘ऑल्दो’ लिहून मूल अर्ध्या वाक्यावर आले, की त्याचे मन ‘तरी’ मागू लागते. तो सापडत नाही, म्हणून ते हाताशी असलेले ‘बट’ उचलते.

जुन्या वळणाचे शिक्षक ‘दो’ आणि ‘यट’ अशी जोडी शिकवीत. ती चूक नव्हे. ‘यट’ तिथे अजूनही चालते, मात्र आजकाल बहुधा गाळतात. ‘बट’ चालत नाही, कारण ‘बट’ने दोन बरोबरीची वाक्ये जोडून संयुक्त वाक्य होते, तर ‘ऑल्दो’ने एक वाक्य प्रधान व दुसरे गौण होऊन मिश्र वाक्य होते. दोन्ही एकदम कशी होणार? मुलांना सांगावे: आधी ‘जरी-तरी’चे पूर्ण मराठी वाक्य लिहा, त्यातल्या ‘तरी’वर काट मारा आणि मग इंग्रजी करा. सरावाला गावाजवळचेच स्वतंत्रपूर घ्या. औंध संस्थानाने १९३९ साली उभारलेली ही कैद्यांची खुली वसाहत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. “ऑल्दो दे आर प्रिझनर्स, दे लिव्ह विथ देअर फॅमिलीज.” कैदी असले तरी ते कुटुंबासह राहतात.

‘असूनही’, ‘होऊनही’ अशा रूपांसाठी इंग्रजीत ‘इन स्पाइट ऑफ’ आणि ‘डिस्पाइट’ आहेत. यांच्यापुढे नाम किंवा नामासारखे रूप येते, पुरे वाक्य येत नाही. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला नापास होऊनही कवी झाले, आणि त्यांचे ‘गीतरामायण’ १९५५ पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर घरोघर पोचविले. “इन स्पाइट ऑफ फेलिंग मॅट्रिक, ही बिकेम अ पोएट.” यातला ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’चा आहे. ‘डिस्पाइट’ला तो जोडू नये. जोडणारे पदवीधरही मी पाहिले आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. ही दोन वाक्ये वाचा: “पाऊस पडला नाही तरी मी हप्ता भरीन.” “पाऊस पडला नाही तरी मी हप्ता भरला.” पहिल्या अर्ध्यात एका अक्षराचा फरक नाही. तरीही एकात पाऊस पडेल की नाही हे अजून ठरायचे आहे, दुसऱ्यात तो पडला नाही हे ठरून गेले आहे. मराठीत शेवटचे क्रियापद येऊन हा उलगडा करते, आणि आपण तोवर थांबतो. इंग्रजीला एवढा दम नाही. तिथे पहिल्याच शब्दात निकाल द्यावा लागतो. ठरायचे असेल तर ‘इव्हन इफ’, ठरून गेले असेल तर ‘इव्हन दो’. जून महिन्यात बँकेला इंग्रजी पत्र लिहिताना ‘इव्हन इफ’च्या जागी ‘इव्हन दो’ पडले, तर साहेब समजेल की पाऊस गेलाच, आणि कर्जाचा विचार त्या धोरणाने करील. ‘तरी’ दिसला की आधी शेवटचे क्रियापद बघायचे, ही सवय मुलांना लावायला हवी.

नुसता फरक दाखविणारा ‘तर’ सोपा आहे. कृष्णाकाठी ऊस, तर आटपाडीत डाळिंब. इथे ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेअरॅज’ येते. ‘हाउएव्हर’ने नवे वाक्य सुरू करावे आणि त्यापुढे स्वल्पविराम द्यावा. त्याने दोन वाक्ये ‘बट’सारखी जोडू नयेत.

‘पण’ आणि ‘बट’ यांचा स्वभाव मात्र एक आहे: वजन मागच्या अर्ध्यावर पडते. “मुलगा हुशार आहे पण आळशी आहे,” असे प्रगतिपुस्तकात लिहिले की घरी मार बसतो. “आळशी आहे पण हुशार आहे,” असे लिहिले की बाप त्याला आणखी एक वर्ष शाळेत ठेवण्याचा विचार करतो. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. इंग्रजीत शिफारसपत्र लिहितानाही हेच ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या भाषेत तर ‘परंतु’चे नामच झाले आहे. मूळ तरतुदीला जोडलेल्या अटीला आपल्याकडे ‘परंतुक’ म्हणतात. इंग्रजी मसुद्यात ते ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांनी सुरू होते. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे ‘अन्यत्र काहीही असले तरी’. अनुदानाचा किंवा जमिनीचा इंग्रजी कागद हाती आला, तर वरचा मोठा परिच्छेद वाचून उठू नका. आधी हे दोन शब्द कुठे आहेत ते शोधा, आणि त्यांच्यापुढचा मजकूर गुरुजींकडून सावकाश, दोनदा वाचून घ्या.