बाहेरचं युनिट कुठे, कसं?

दीड टनाच्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटचं वजन साधारण 25 ते 40 किलो असतं, शिवाय कॉम्प्रेसरची थरथर. हा भार पेलायचा तो भिंतीने, गिलाव्याने नव्हे. ब्रॅकेटचे अँकर बोल्ट आरसीसी बीममध्ये किंवा भरीव विटांच्या भिंतीत खोलवर बसले पाहिजेत. पोकळ ब्लॉकमध्ये साधे बोल्ट पकड धरत नाहीत. गॅलरीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या छज्ज्यावर युनिट टेकवण्याची आपल्याकडची पद्धत तर सरळ धोक्याची. छज्जा असल्या भारासाठी बांधलेलाच नसतो.

मुंबई-कोकणात खारी हवा ब्रॅकेट गंजवते. तिथे जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचाच घ्या आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट तपासून घ्या.

युनिटच्या मागे निदान वीतभर जागा सोडा, पुढची बाजू मोकळी ठेवा. अरुंद डक्टमध्ये कोंबलं, की ते आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि वीजबिल वाढतं. सावली चालेल, झाकण नको. जागा निवडतानाच विचारा: दुरुस्तीला येणारा मेकॅनिक इथे उभा कुठे राहणार? उत्तर ‘लटकून’ असेल, तर जागा बदला.